शब्द एकटा शिकू नका: प्रगत इंग्रजी शब्दसंपत्ती कमावण्याची रीत

काही वर्षांपूर्वी एका वरिष्ठांच्या योजनेवर मला इंग्रजीतून अभिप्राय लिहायचा होता. योजना मला मनापासून आवडली होती. कुठे गुंता नाही, सगळं सुटसुटीत. नुसतं 'सिम्पल' लिहिणं फिकं वाटलं, म्हणून मी 'सिम्प्लिस्टिक' लिहिलं. माझ्या वहीत या शब्दापुढे 'साधा, सोपा' एवढंच होतं. त्याचा खरा अर्थ निराळा आहे. प्रश्नाची खोली न समजता केलेला उथळ विचार, त्याला 'सिम्प्लिस्टिक' म्हणतात. एका सहकाऱ्यानं मला बाजूला घेऊन हे सांगितलं तेव्हा अभिप्राय वाचून झाला होता आणि ते वरिष्ठ दुखावले होते. तोवर मी दोन हजारांच्या आसपास शब्द पाठ केले होते.

त्यानंतर मी ती यादी बाजूला ठेवली आणि शिकण्याची पद्धतच बदलली. जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला सुरुवातीलाच कळावं, म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला साधं इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं बोलताही येतं, पण अग्रलेख, अहवाल किंवा गंभीर पुस्तक हाती घेतलं की अडायला होतं, असं गृहीत धरते.

एक सूचना आधीच देते. इथे मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिते आहे. तुमच्या वहीत मात्र ते रोमन लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंग कधीच बसणार नाही.

## काय काय लागेल

- शिकणाऱ्यांसाठी खास तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स (पहिली ब्रिटिश आवृत्ती १९४८), लाँगमनचा (१९७८) किंवा कॉलिन्स कोबिल्ड (१९८७), यांपैकी कोणताही एक. लाँगमनमध्ये सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच दिलेल्या असतात. कोबिल्डमध्ये अर्थ पूर्ण वाक्यात समजावलेला असतो. तिघांचीही ऑनलाइन रूपं आहेत.
- एक जाड वही.
- कोरी कार्डं आणि पाच कप्प्यांचा खोका, किंवा त्याऐवजी 'अँकी' हे सॉफ्टवेअर. संगणकावर ते मोफत मिळतं.
- आवडीच्या विषयावरचं इंग्रजी वाचन. हे सगळ्यात महत्त्वाचं.

इंग्रजी-मराठी शब्दकोशही जवळ असू द्या, मात्र एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

## १. आधी आपण कुठे आहोत ते बघा

भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला होता. मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत अशी अपेक्षा धरली, तर लिखित इंग्रजीसाठी ८,००० ते ९,००० आणि बोलण्यातल्या इंग्रजीसाठी ६,००० ते ७,००० शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह' असे एकाच घरचे शब्द, एकत्र मोजलेले.

हा आकडा बघून घाबरू नका. त्यातून मोजण्याची एक सोपी युक्ती मिळते. ९८ टक्के म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी. हातातल्या पुस्तकातला साधारण २५० शब्दांचा मजकूर निवडा आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारा. पाचच्या आसपास रेघा पडल्या, तर ते पुस्तक तुमच्यासाठी आहे. पंचवीस पडल्या, तर ते आत्ता बाजूला ठेवा. एकही पडली नाही, तर आनंदासाठी वाचा, पण शब्द मिळवण्यासाठी दुसरं शोधा.

बहुतेक जण इथेच चुकतात आणि फार अवघड पुस्तक उचलतात. प्रत्येक ओळीत तीनदा शब्दकोश उघडायला लागला की आठवड्याभरात दम संपतो.

## २. शब्द वाचनातून उचला, यादीतून नव्हे

'हे हजार शब्द पाठ करा' अशा याद्या भरपूर मिळतात. त्या बहुधा वर्णक्रमानं असतात, म्हणून सारखे दिसणारे शब्द शेजारी येतात आणि एकमेकांत मिसळतात. शिवाय अशा यादीतला प्रत्येक शब्द एकटा असतो. तो कोण वापरतं, कशाबद्दल वापरतं, कौतुकानं की रागानं, याचा काही पत्ता लागत नाही.

एका यादीचा अपवाद मी करते. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अकॅडेमिक वर्ड लिस्टमध्ये ५७० शब्दकुटुंबं आहेत. कोणत्याही विद्याशाखेच्या गंभीर लिखाणात ती पुन्हा पुन्हा भेटतात, आणि अशा लिखाणातले सुमारे १० टक्के शब्द त्यांतलेच असतात. ही यादी पाठ करायची नाही, चाळणीसारखी वापरायची. वाचताना अडलेला शब्द त्या यादीत असेल तर तो आधी घ्या.

बाकी शब्दांसाठी माझा नियम असा: शब्द पहिल्यांदा भेटला तर अंदाज करून पुढे जा. दुसऱ्यांदा भेटला तर रेघ मारा. तिसऱ्यांदा भेटला की वहीत घ्या. जो शब्द वर्षातून एकदाच भेटतो त्याच्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही, कितीही रुबाबदार असला तरी.

रोज ५ नवे शब्द, आठवड्याचे ५ दिवस. वर्षाला १,३०० होतात. सुरुवातीच्या उत्साहात रोज ३० घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा डोंगर उभा राहतो आणि सगळंच सुटतं.

## ३. एका शब्दाची नोंद पूर्ण करा

इथे थोडं थांबते, कारण या लेखात सांगण्यासारखं खरं हेच आहे.

मराठीत पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणतं. 'सोसाट्याचं ऊन' कोणी म्हणत नाही. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. लहानपणापासून हे शब्द जोडीनंच कानावर पडले. इंग्रजीतही तसंच आहे. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करतात, गुन्हा 'कमिट' करतात, लक्ष 'पे' करतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली सांगून ठेवलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. म्हणून वहीत शब्दाबरोबर त्याची संगतही यायलाच हवी.

'स्क्रूटिनी' या शब्दाची माझ्या वहीतली नोंद इथे उतरवते.

भेट कुठे झाली: 'द कंपनीज अकाउंट्स केम अंडर क्लोज स्क्रूटिनी.' हे वाक्य जसंच्या तसं.

अर्थ: बारकाईनं केलेली तपासणी. मराठीत छाननी.

संगत: आधी येणारे शब्द 'क्लोज', 'पब्लिक', 'इंटेन्स'. क्रियापदं 'कम अंडर स्क्रूटिनी' (छाननीच्या कक्षेत येणं) आणि 'स्टँड अप टू स्क्रूटिनी' (छाननीत टिकणं).

घरचे लोक: क्रियापद 'स्क्रूटिनाइज'. आणि 'इनस्क्रूटेबल', म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावरून मनाचा थांग लागत नाही असा माणूस.

मूळ: लॅटिनमध्ये 'स्क्रूटारी' म्हणजे धुंडाळणं. तो शब्द बहुधा 'स्क्रूटा' म्हणजे टाकाऊ वस्तू, भंगार, यावरून आला. भंगाराच्या ढिगात एकेक वस्तू उलटीपालटी करून बघणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. हा शब्द पुन्हा विसरणार नाही.

पोत: औपचारिक. अहवालात, बातमीत चालतो. मित्राला 'माझा मेल जरा बघ' म्हणताना नाही.

माझं वाक्य: स्वतःच्या कामातलं, खरं घडलेलं एक वाक्य. पुस्तकी नको.

एवढ्या नोंदीला सात-आठ मिनिटं लागतात. पाच शब्दांना अर्ध्या तासाच्या वर. जड वाटेल, पण संगतीसकट घेतलेले पाच शब्द एकट्या पन्नास शब्दांपेक्षा जास्त कामाला येतात, हे मी दोन्ही करून बघितलं आहे. वेळच नसेल तर तीन शब्द घ्या. नोंद मात्र अर्धवट ठेवू नका. निदान वाक्य आणि संगत हे दोन रकाने तरी भराच.

## ४. मराठी अर्थ जरूर लिहा, पण एकाच शब्दावर थांबू नका

'मातृभाषेत अर्थ लिहूच नका, इंग्रजीतच विचार करा' हा सल्ला तुम्हाला अनेकदा मिळेल. मला तो पटत नाही. काही इंग्रजी शब्दांना मराठीत इतका चपखल शब्द असतो की इंग्रजी व्याख्येच्या तीन ओळी त्याच्यापुढे कमी पडतात. 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे चालढकल. 'प्लॅकेट' म्हणजे रागावलेल्याची समजूत घालून त्याला शांत करणं. 'मेडल' म्हणजे लुडबुड. 'रेटिसंट' म्हणजे मोजकंच बोलणारा, मनातलं सहजी न सांगणारा. असा अर्थ एकदा मनात बसला की तो तिथेच राहतो.

धोका तेव्हा होतो जेव्हा एका इंग्रजी शब्दाला आपण एकच मराठी शब्द कायमचा चिकटवून टाकतो. 'इंटेग्रिटी' म्हणजे प्रामाणिकपणा, हे बरोबर. पण 'टेरिटोरियल इंटेग्रिटी' म्हणजे प्रादेशिक अखंडता, आणि 'डेटा इंटेग्रिटी'मध्ये माहिती शाबूत असण्याचा अर्थ आहे. मुळातला अर्थ 'अभंग, सगळा एकसंध' असा आहे. माणसाच्या बाबतीत तोच प्रामाणिकपणा होतो. म्हणून मराठी अर्थ आधी लिहा, त्याच्याखाली इंग्रजी कोशातली व्याख्या उतरवा, आणि दोन्हींत कुठे फट राहते ते एका ओळीत टिपा.

## ५. मुळं ओळखा, निम्मी आपल्याच घरची आहेत

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातल्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून आलेल्या असाव्यात. प्रगत इंग्रजी शब्दांपैकी फार मोठा भाग लॅटिन आणि ग्रीकमधून आलेला आहे. मराठी माणसाच्या हाती इथे एक किल्ली आयतीच असते, आणि आपण ती वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

'सबज्यूगेट' हा शब्द घ्या. 'सब' म्हणजे खाली, 'ज्यूगम' म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. एखाद्याला जुवाखाली आणणं, म्हणजेच गुलाम करणं. आपलं 'जू' संस्कृत 'युग'वरून आलं, आणि ते लॅटिन 'ज्यूगम'च्याच कुळातलं आहे. त्याच कुळातला 'काँज्यूगल' म्हणजे वैवाहिक: दोघं एका जुवाला जोडलेली. 'जंक्शन' म्हणजे जोड. एक 'जू' कळलं आणि तीन शब्द उलगडले.

असेच आणखी काही:

- ज्ञा: 'कॉग्निशन', 'डायग्नोसिस', 'अ‍ॅग्नॉस्टिक'
- मृ, मर्त्य: 'मॉर्टल', 'इममॉर्टल', 'मॉर्चुअरी'
- वाच्: 'व्होकल', 'अ‍ॅडव्होकेट', 'इर्रेव्होकेबल'
- स्था: 'स्टेटस', 'स्टेबल'; पण 'स्टॅग्नंट' नव्हे

शेवटचं उदाहरण मुद्दाम घेतलं. 'स्टॅग्नंट' म्हणजे साचलेलं, म्हणून ते 'स्था'वरून आलं असेल असं वाटतं. पण ते लॅटिन 'स्टॅग्नम' म्हणजे साठलेलं पाणी, डबकं, यावरून आलं. नुसत्या आवाजाच्या साम्यावर नातं जुळवू नका, कोशात खात्री करा. आणि नातं खरं असलं तरी ते मायलेकींचं नव्हे, बहिणींचं आहे. 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'वरून आला, असं सर्रास सांगितलं जातं. तो आला लॅटिन 'नाविस' म्हणजे नाव, होडी यावरून. आणि 'नाविस' व आपला 'नौ' या दोघी बहिणी.

दुसरा एक सापळा: मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असं नाही. 'मॅन्युफॅक्चर'चं मूळ 'हातानं करणं' असं आहे, पण आज तो कारखान्याचा शब्द आहे. मुळाचा उपयोग शब्द लक्षात ठेवायला करा, वापर मात्र वाक्यांतूनच शिका.

## ६. उजळणीचा खोका

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं अर्थहीन अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. संगत नसलेला शब्दही त्या अर्थहीन अक्षरगटांइतकाच निसरडा असतो. उपाय एकच: विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवायचं, आणि दर वेळी अंतर वाढवायचं.

यासाठी पत्रकार झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली सुचवलेली खोक्याची पद्धत मी वापरते. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्यानं, पाचवा पंधरवड्यानं. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. नाही आठवलं तर ते कुठेही असो, थेट पहिल्या कप्प्यात. अँकी असाच हिशेब आपोआप ठेवतं.

कार्डावर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ, असं लिहू नका. समोर गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा: 'द अकाउंट्स केम अंडर क्लोज डॅश.' मागे शब्द. म्हणजे दर उजळणीत संगतही आठवावी लागते.

जुळे शब्द एकाच दिवशी कार्डावर घेऊ नका. 'मिटिगेट' म्हणजे तीव्रता कमी करणं, 'मिलिटेट अगेन्स्ट' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. मी दोन्ही एकाच दिवशी शिकले आणि कितीतरी महिने त्यांची अदलाबदल होत राहिली. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्या.

## ७. शब्दाचं वजन तोला

आपण 'पाणी दे' म्हणतो, 'जल दे' म्हणत नाही, आणि 'उदक' पोथीत ठेवतो. तिन्हींचा अर्थ एकच, पण जागा वेगळ्या. इंग्रजीत हे थर इतिहासानं पाडले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि कायद्यात फ्रेंच आली, विद्येत लॅटिन होतीच. म्हणून विचारण्यासाठी 'आस्क' हा घरगुती, 'क्वेश्चन' हा फ्रेंचमधून आलेला, आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिन वळणाचा शब्द आहे. मित्राला तुम्ही 'इंटरॉगेट' केलंत तर तुम्ही त्याची उलटतपासणी घेत आहात.

थरांइतकीच भावनाही बघा. 'स्लिम' म्हणजे सडपातळ, 'स्किनी' म्हणजे हडकुळा, 'गाँट' म्हणजे आजारानं किंवा उपासानं खंगलेला. समानार्थी कोशात हे शब्द एकाच रांगेत सापडतील. अशा कोशातून माहीत नसलेला शब्द कधीही उचलू नका. माहीत असलेला, पण ऐन वेळी न आठवणारा शब्द शोधायला त्याचा वापर करा.

## ८. जे येतात असं वाटतं ते शब्द तपासा

नव्या शब्दांपेक्षा जुने जास्त फसवतात. शंका विचारायची असते आणि आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो. बाहेरच्या श्रोत्याला त्यात अविश्वास ऐकू येतो. 'पास आउट' झालो म्हणजे पदवी मिळाली असं आपण समजतो, इतरत्र त्याचा अर्थ शुद्ध हरपली असा होतो. 'विषयी चर्चा' या मराठी सवयीमुळे 'डिस्कस अबाउट' तोंडात येतं; 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही.

उच्चाराचंही असंच. 'सटल'मधला 'बी' मूक आहे, 'एपिटमी' आणि 'हायपर्बली' शेवटी 'ई'नं संपतात. ऑनलाइन कोशातलं ध्वनिचिन्ह दाबून ऐका आणि मोठ्यानं तीनदा म्हणा. एवढं पुरे.

## ९. वापरा, आणि दुरुस्त करून घ्या

वाचताना ओळखू येणारे शब्द नेहमीच जास्त असतात, वापरता येणारे कमी. सगळे शब्द वापरात यायची गरजही नाही. पाचव्या कप्प्यात पोचलेल्या कार्डांतून आठवड्याला तीन शब्द निवडा आणि ते खऱ्या लिखाणात आणा: मेलमध्ये, टिपणात, डायरीत. एका परिच्छेदात एकच नवा शब्द. तीन घातले की मजकूर अवघडतो आणि वाचणाऱ्याचं लक्ष तुमच्या म्हणण्यावरून उडतं. साध्या शब्दानं काम होत असेल तर साधाच ठेवा.

इंग्रजी चांगलं असलेल्या एखाद्या माणसाला तो परिच्छेद दाखवा. 'बरोबर आहे का?' असं विचारू नका, लोक भिडेखातर 'हो' म्हणतात. 'तुम्ही इथे कोणता शब्द वापरला असता?' असं विचारा. मिळालेलं उत्तर कार्डावर लिहा आणि कोपऱ्यात तारीख घाला.

'सिम्प्लिस्टिक'च्या माझ्या कार्डावर आता लिहिलेलं आहे: 'ओव्हरली सिम्प्लिस्टिक', 'सिम्प्लिस्टिक व्ह्यू', 'सिम्प्लिस्टिक सोल्यूशन'. खाली लाल शाईत 'फक्त टीकेसाठी. कौतुक करायचं तर एलेगंट, किंवा नुसतं सिम्पल'. कोपऱ्यात तीन तारखा आहेत.